फॉर्ममधलं ‘नाही’

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
१४ जुलै २००३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला विचारलंय म्हणून सांग. ह्यांचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार बोरिवलीला चालू आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना आपल्या जूचंद्रच्या रांगोळ्यांच्या गोष्टी सांगून हसवतात.

लिहायचं कारण, मेडिक्लेम कंपनीचं पत्र आलं. पैसे देणार नाहीत. केसपेपरवर ‘नऊ वर्षांपासून साखर’ आहे आणि तीन वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’. आजार लपवला, असं लिहिलंय. तो फॉर्म तू भरलास, गणपतीत, आपल्या ओटीवर बसून. ह्यांच्या साखरेचं मी तेव्हाच तुला सांगितलं होतं. मग ‘नाही’ कसं आलं? एजंट चुकला असेल तर त्याच्याकडून तसं लिहून घे. रचना बारावीचा अभ्यास बाजूला ठेवून अर्ज खरडते आहे.

लगेच उत्तर लिही, आणि लोभ असाच राहू दे.

तुझी,
सौ. जयवंती


रोहा
२१ जुलै २००३

चि. सौ. जयूस,
अनेक आशीर्वाद.

चूक एजंटाची नाही, माझी आहे. साखर लिहिली तर पॉलिसीच मिळणार नाही, असं तो म्हणाला. तुमच्या डोक्यावर काहीतरी छत्र असावं, म्हणून मी माझ्या हाताने ‘नाही’ लिहिलं आणि तुला बोललो नाही.

आता एकच वाट दिसते. साखर दोनच वर्षांची आहे, असं डॉक्टरांनी लिहून द्यावं. मी रजा काढून येतो, त्यांचे पाय धरतो. आत्मारामरावांना एवढ्यात माझं नाव सांगू नकोस.

रचनाला आशीर्वाद. तिच्या मामाला सांभाळून घ्या.

तुझा,
चंद्रहास


आचोळे
५ ऑगस्ट २००३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस. डॉक्टरांकडे मी जाऊन आले. हे खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, नऊ वर्षं मीच सांगितली, औषध त्यावर ठरतं, तिथे खोटं चालायचं नाही. घरी आल्यावर म्हणाले की, फॉर्म त्यांनी सहीआधी वाचला होता. तुझं ‘नाही’ त्यांनी पाहिलं होतं आणि तरी सही केली. चंद्रहासला बोल लावायचा नाही, असं मला बजावलं.

आणखी एक सांगायचंय. रविवारी पाचूबंदरचे गॅब्रिएल आले होते, ह्यांच्या जुन्या कामावरचे सोबती. सहज विचारलं की, आत्माराम शुक्रवारी धक्क्यावर एकटाच का बसतो. दादा, तीन शुक्रवार हे डबा घेऊन बोरिवलीला म्हणून निघाले आणि होड्या बघत बसले. घरी यायच्या आधी दंडावर कापूस ठेवून पट्टी स्वतःच चिकटवायचे. मी ती पट्टी दर वेळी पाहिली, उचलून नाही पाहिली. विचारलं तर म्हणाले, आठवड्यातून एकदा पुरतं, तेवढेच पैसे वाचतात, रचनाचं कॉलेज व्हायचंय.

पायांवर सूज आहे, चढताना दम लागतो. आता दर खेपेला मी सोबत जाते.

तुझी,
सौ. जयवंती


रोहा
२ सप्टेंबर २००३

चि. जयू,

काल जूचंद्रचे बळीराम भेटले, त्यांच्या तोंडून कळलं. आत्मारामराव जाऊन आठ दिवस झाले आणि मला कोणी एक फोन केला नाही. कंपनीला मी लिहिलं होतं की फॉर्म माझ्या हातचा आहे, शिक्षा मला करा. सही विमेदाराची आहे, एवढंच उत्तर आलं.

पिशवी भरून ठेवली आहे. येऊ का, एवढंच लिही.

चंद्रहास


आचोळे
५ सप्टेंबर २००३

ती. दादा,

रचना फोन करायला निघाली होती, मीच अडवलं. छातीत पाणी भरलं, दोन दिवसांत सगळं आटोपलं. तू रडत आला असतास आणि मला तुझी समजूत काढावी लागली असती. तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

त्यांचा तुझ्यावर राग नव्हता. माझा आहे, आणि त्यांच्यावरही आहे. कधी जाईल, सांगता येत नाही.

हे पत्र पोचेपर्यंत तेरावं होऊन जाईल. तरी ये. भांडायला मला माहेरचं दुसरं माणूस नाही.

जयवंती