गोदामातलं काळं खत

८ ऑक्टोबर २०१७, सकाळी ६.१०
रिटायर होऊन आज बरोबर शंभर दिवस. रोजनिशी सुरू. रजिस्टर पाटबंधारे ऑफिसातलं आहे, पण जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हापासून ते कोणत्याच यादीत नाही. म्हणजे माझंच.
संकल्प: १) चहा बंद. २) परसबाग शंभर टक्के नैसर्गिक. शेणखत, राख, निंबोळी पेंड. युरियाचा एक दाणा नाही. ३) शेजारच्या मारोतरावांपेक्षा मोठी वांगी. ते युरिया टाकतात आणि वर छाती काढून फिरतात.

१० ऑक्टोबर
चहा उद्यापासून बंद. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. वटवाघळांची विष्ठा. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं एकाच जागी. व्हिडिओवाल्याची वांगी नारळाएवढी. मारोतरावांना बोललो नाही.

१३ ऑक्टोबर
माल सापडला. कारध्याबाहेरची राइस मिल पंधरा वर्षं बंद आहे. तिच्या मागचं गोदाम. चावी जुना चौकीदार परसराम याच्याकडे. त्याने कुलूप काढलं आणि दहा पावलं मागे जाऊन उभा राहिला. म्हणे, "अंदर मी नाही येत जी. तिथं गेलो का आठ-आठ दिवस छाती धरून राहते."
लोक शिकत नाहीत.
आत अंधार. डोळे चुरचुरले. टॉर्च वर मारला तर छत हललं. छत नव्हतं ते, वटवाघळं होती. पायाखाली गादीसारखं मऊ, घोट्यापर्यंत. नाकाला रुमाल बांधून दोन पोती भरली, दहा मिनिटांत बाहेर. मला धुळीची अॅलर्जी आहे. सर्व्हिस बुकात नोंद आहे.

१५ ऑक्टोबर
कुंताने पोती बघून पदर नाकाला लावला. "हे काय आणून टाकलं जी घरात?" बायकोला जैविक शेतीची कल्पना नसणं साहजिक आहे. वीस मिनिटं समजावून सांगितलं. खतात ढेकळं फार, चाळावं लागणार. मला धूळ चालत नाही, म्हणून नियोजन माझ्याकडे, चाळणी तिच्याकडे. अंगणात वाऱ्याने बारीक खत उडून जात होतं. तिला मागच्या खोलीत बसवून दार-खिडकी लावून घेतली. वाया काही जाऊ द्यायचं नाही.
दोन तासांनी बाहेर आली तर भुवया, केस सगळे राखाडी. मी म्हणालो, म्हातारी झालीस. तीही हसली.

१९ ऑक्टोबर
गावात फटाके. आम्ही दुसरं पोतं चाळलं. (कुंताने.)
मला दोन दिवस अंगात कणकण. व्हायरल असावं. चहा घ्यावा लागला.

४ नोव्हेंबर
वांग्याची झाडं अठरा इंच. पानं काळीशार हिरवी. असा रंग मी जन्मात पाहिला नाही. जवळ उभं राहिलं की गोदामाचा वास येतो, पण तो खताचा गुण.
कुंताला ताप आणि कोरडा खोकला. हवा बदलली. तुळस-अद्रकाचा काढा दिला. नैसर्गिक.

१२ नोव्हेंबर
झाडं चोवीस इंच. कुंताचा ताप संध्याकाळी येतो, सकाळी जातो. म्हणजे शरीर लढतंय. उद्या भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेणार.

१३ नोव्हेंबर
आज नेलं नाही. पालकाला जीवामृत द्यायचं होतं.

२१ नोव्हेंबर
आणखी एक पोतं आणावं म्हणून परसरामकडे गेलो. चावी देईना. म्हणाला, "बाबू, मागच्या वेळचं तुमी सोता चाळलं का?" मी म्हणालो, हो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चावी कमरेला खोचून घरात गेला. त्याला मत्सर वाटत असावा.
पिकाला आता गरजही नाही.

२९ नोव्हेंबर
पहिली तोडणी. एक वांगं तळहातात मावत नाही. मारोतराव स्वतः कुंपणाशी आले. मी वाट पाहत होतो ते काय म्हणतात याची. म्हणाले, "रामटेके बाबू, वांगी तं जबर होऊन राहिली जी. पण वहिनी काहून अशा सुकून राहिल्या?"
पहिलं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे.

६ डिसेंबर
विहारात अभिवादन. कुंताला पायऱ्या चढवेनात. तिसऱ्या पायरीवर बसली आणि तिथूनच हात जोडले. घरी येताना वाटेत तीनदा थांबली. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. शिंप्याने सैल शिवला असेल म्हणालो. ती म्हणाली, "हा जुनाच आहे."

९ डिसेंबर
अखेर भंडाऱ्याचे छातीचे डॉक्टर. एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके, जणू कोणी मूठभर तांदूळ फेकले. सगळी उत्तरं मीच दिली, कुंताला बोललं की दम लागतो. खोकला कधीपासून, ताप किती, भूक कशी. मग डॉक्टरांनी विचारलं, घरी कोंबड्या, कबुतरं? जुन्या बंद जागी, धुळीत काही काम? मी म्हणालो, नाही. घरीच असते ती.
कुंताने मान वर केली. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली.
डॉक्टर म्हणाले टीबी वाटतो. थुंकीत सापडला नाही, पण एक्स-रेवरून औषध सुरू करू. टीबी! म्हणजे कुठून तरी लागला. अड्याळच्या लग्नात ती एका खोकणाऱ्या म्हातारीजवळ बसली होती, मला चांगलं आठवतं.
घरी आल्यावर चाळणी घासून माळ्यावर टाकली. मागची खोली तीन बादल्या पाण्याने धुतली. उरलेलं अर्धं पोतं मोहरीच्या वाफ्यामागे पुरलं. पसारा नको.

२५ डिसेंबर
गोळ्या नियमित. मी स्वतः देतो, घड्याळ लावून. कुंता लघवीला लाल होते म्हणून घाबरली होती. गोळ्यांनी तसं होतं, मी समजावलं. आजाराच्या बाबतीत माणसाने माहितगार असावं.
वांगी गावात वाटली. गिरजाबाई, मारोतरावांची बायको, घेऊन गेली. दोन दिवसांनी कचऱ्यात तीच वांगी दिसली. आख्खी.

८ जानेवारी २०१८
एक महिना झाला. ताप आहे. कुंता वरणाचं पाणी पिते, बस. वजन ५४ चं ४३. डॉक्टर म्हणतात वेळ लागतो. वेळ लागणारच.
बागेत जास्त जात नाही. न जाताही वाढतेय. दोडक्याचा वेल खिडकीच्या गजात शिरला, कुंताच्या खाटेच्या डोक्याशी. कापला. आठवड्यात पुन्हा आला.

१७ जानेवारी
मनाली नागपूरहून आली. शाळेला सुटी टाकून. आईला पाहून दारातच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून, "बाबा, तुम्ही मला काहून नाही सांगितलं? फोनवर तर रोज म्हणत होते, आई झोपली आहे." मी म्हणालो, झोपलेलीच असायची. हे खरं आहे.
संध्याकाळीच गाडी करून नागपूर.

१९ जानेवारी
मोठं हॉस्पिटल. ऑक्सिजन. कुंताचे ओठ निळसर. टीबीच्या गोळ्या बंद केल्या. फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासायला पाठवणार. इथले डॉक्टर तरुण आहेत, म्हणाले, काहीतरी वेगळं आहे, काहीतरी निसटतंय आपल्याकडून.
ठरवलं. उद्या राउंडला सांगायचं. मुद्दे काढले: १) खत पूर्णपणे नैसर्गिक होतं. २) व्हिडिओत धोक्याचा उल्लेख नव्हता. ३) चाळण्याचा कालावधी एकूण चार-साडेचार तास. ४) माझी अॅलर्जी.

२० जानेवारी
राउंड लवकर झाला. मी दाढी करत होतो.

२१ जानेवारी
डॉक्टरांसोबत विद्यार्थ्यांचा घोळका. अशी गोष्ट घोळक्यात सांगायची नसते.

२२ जानेवारी
पाचवा मुद्दा घातला: परसरामने स्पष्ट बोलायला हवं होतं. कागद पुन्हा उतरवला, सुवाच्य अक्षरात. दुपारी रिपोर्टच्या काउंटरवर पाठवलं मला. दीड तास रांग.

२३ जानेवारी, सकाळी ११
गेलो. डॉक्टर खोलीत एकटे होते. कागद काढला. घडी उलगडली. म्हणालो, साहेब, एक महत्त्वाची बाब निदर्शनास आणून द्यायची आहे. वटवाघळांच्या संदर्भात.
ते म्हणाले, "हो, बाईंनी सांगितलं. कालच. तुम्ही काउंटरवर होता तेव्हा मी त्यांनाच विचारलं." फुफ्फुसात बुरशी गेली आहे म्हणाले, विष्ठेच्या धुळीतून. रिपोर्टही तेच सांगतो. रात्रीच सलाईनमधून औषध सुरू केलं. "हेच पहिल्या दिवशी कळलं असतं तर," एवढं बोलून त्यांनी फोन घेतला.
कागद वाचून दाखवायचा राहिला.

२ फेब्रुवारी
ताप नाही. कुंताने अर्धी भाकर खाल्ली. मनाली माझ्याशी औषधांपुरतं बोलते.

१४ फेब्रुवारी
कुंताला डिस्चार्ज. गोळ्या वर्षभर. फुफ्फुसाचा काही भाग आता कामाचा नाही, जिने चढायचे नाहीत. मनालीच्या घरी राहणार. किती दिवस, ते कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. कपडे आणायला उद्या मी कारध्याला जाणार.
मनाली ऑटो बघायला गेली. आम्ही दोघं बाकावर. कुंताचा हात बाकावर होता, नुसती हाडं. ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी भंडाऱ्याच्या डाक्टरनं इचारलं, धुळीत काम केलं का म्हणून. तवा तुमाले आठवलं नवतं का जी?"
रागात नाही. खरंच विचारत होती.
मी म्हणालो, नाही गं. नाही आठवलं.
ती म्हणाली, "मलेही तसंच वाटलं." ऑटो आला. तिला धरून बसवलं.

रात्री ९.४०
आठवलं होतं.