आवाज येतोय तोवर

रविवार, २ मार्च

चावी मिळाली. गंजलेल्या कुलपाची गंजलेली चावी, पण ह्यांनी ती अशी ऐटीत खिशात टाकली की जणू बंगलाच घेतला. या गावात येऊन अजून निम्मे खोके उघडायचे आहेत, चहाची गाळणी सापडत नाही म्हणून फडक्यातून चहा गाळतोय, आणि आम्ही निघालो शेती करायला.

नगरपालिकेने गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेचे तुकडे पाडून लोकांना भाजी लावायला दिले आहेत. आमचा अगदी कोपऱ्यातला. बाकीचे तुकडे तेल लावून विंचरल्यासारखे. आमच्या तुकड्याच्या डोक्यात मात्र कित्येक वर्षांत कंगवा गेलेला नाही. पुरुषभर उंचीची घाणेरी, तिच्यावर काटेरी वेलींचं जाळं, खाली हरळीची सतरंजी. मागे भिंत आहे म्हणतात, दिसत नाही. कचेरीतला कारकून म्हणाला होता, थोडंफार साफ करावं लागेल. थोडंफार!

मी जन्मभर शाळेत शिवण शिकवलं. हे बसच्या आगारात मेकॅनिक. तुकडा पाहून म्हणाले, मॅडम, ही पोरगी तुमच्या वर्गात असती तर पहिल्याच दिवशी बाकावर उभी केली असतीत. खूप हसलो.

संध्याकाळी मुलीला फोन केला. ती म्हणाली की आई, तुझा उत्साह म्हणजे सोड्याची बाटली. रोज किती साफ केलं ते लिहीत जा, म्हणजे हुरूप टिकेल. म्हणून ही वही.

सोमवार, ३ मार्च

सगळा तुकडा एकदम बघायचाच नाही, असं ठरवलं. जुनी चादर नेली, फाटकाच्या आत अंथरली, आणि चादरीखाली येईल तेवढीच जमीन आजची. हे कोयत्याने फांद्या तोडत होते, मी खुरप्याने मुळं काढत होते. हरळीचं मूळ म्हणजे चिवट दोरा; एक टोक ओढावं तर तिसरीकडे जमीन हलते. दुपारपर्यंत चादरीएवढी काळी माती उघडी पडली. इतकी सुंदर दिसली की हात फिरवून पाहिला.

शेजारी ओळखीचे झाले. डावीकडे टोपीवाले काका. टोपी उन्हातही डोक्यावर आणि सावलीतही. उजवीकडे एक बाई आहेत, त्यांनी आल्या आल्या ओच्यातून काकड्या काढून दिल्या, म्हणून आमच्यात त्यांचं नाव काकडीबाई. दोघांनीही सांगितलं, धीर सोडू नका, हळूहळू होतं. फार भली माणसं.

बुधवार, ५ मार्च

आज कंटाळा आला. काल साफ केलेल्या जागेत पुन्हा हिरवे कोंब. मी खुरपं टाकून बसले तर हे म्हणाले, इंजिन पहिल्या फेरीत कधी सुरू होतं का? मग मला उठवण्यासाठी मुद्दाम चुकीचं गाणं म्हणायला लागले. ते ऐकण्यापेक्षा काम बरं, म्हणून उठले.

एक लक्षात आलं. टोपीवाल्या काकांचा तुकडा आरशासारखा, पण मागच्या टोकाला भिंतीलगत कपाटाएवढी झुडपं तशीच ठेवलेली. पलीकडच्यांचीही तशीच. फक्त काकडीबाईंच्या तुकड्यात नाहीत, तिथे जमीन काळी पडलेली आहे आणि काही उगवत नाही. मी काकांना विचारलं, तेवढंच का ठेवलंत? ते म्हणाले, तिथवर पोचायचं आहे अजून. बोलताना ते माझ्याकडे नाही, झुडपांकडे बघत होते.

गुरुवार, ६ मार्च

काय लिहू. जसं झालं तसं लिहिते.

दुपारी डबा खाल्ला. भिंत कुठे आहे ते एकदा बघून येतो, म्हणजे किती काम उरलंय ते तरी कळेल, असं म्हणून हे कोयता घेऊन घाणेरीत शिरले. फांद्या तुटल्याचा आवाज येत होता. मग थांबला. मी हाक मारली. आतून ह्यांचा आवाज आला, "आलोच."

मी डबे धुतले. पुन्हा हाक मारली. "आलोच," अगदी तसंच, जसं गाडीखाली आडवे झाले की म्हणायचे. हातातलं काम सोडून उठायची सवय नाही ह्यांना, हे मला ठाऊक. म्हणून मी चिडले, घाबरले नाही. ऊन उतरलं तरी बाहेर येईनात, तेव्हा शिरायला गेले. ज्या वाटेने हे गेले तिथे वाट नव्हती. फांद्यांत फांद्या अशा अडकलेल्या की दाट टाके घातल्यासारख्या. हात घातला तो कोपरापर्यंत ओरबाडून निघाला.

पोलीस आले. भिंतीच्या बाजूने शिडी लावून उतरले, काठ्यांनी झोडपत सरळ माझ्यापर्यंत आले. आत कुणी नाही म्हणाले. मी म्हटलं, ऐका, आत्ता बोलले. हवालदाराने कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची आहे. शाळेत मीच खोटं बोलणाऱ्या मुलीकडे तशी पाहत असे. त्यांच्या मते हे भिंतीवरून उतरून निघून गेले. बायकोला न सांगता माणसं जातात, बाई, असं म्हणाला.

पोलीस गेल्यावर टोपीवाले काका कुंपणाशी आले. म्हणाले, मला ऐकू येतंय. आलोच म्हणतायत ना?

शनिवार, ८ मार्च

मुलगी आली. रडली, पोलिसांशी भांडली, इस्पितळं पालथी घातली. तिला आतला आवाज येत नाही. मी चादर अंथरून कापत होते तेव्हा तिने माझा हात धरला आणि मला हलवून म्हणाली की बाबा इथे नाहीत. त्याच वेळी हे आतून म्हणाले, मॅडम, पाणी आहे का? मी पाण्याची बाटली आत फेकली. पडल्याचा आवाज आला नाही.

सोमवार, १० मार्च

काकांनी सगळं सांगितलं. त्यांची बायको आत आहे. ती टोमॅटोला काठ्या शोधायला शिरली, तेव्हा काकांना टोपीही नव्हती आणि टक्कलही नव्हतं. इथे प्रत्येकाचं कुणीतरी आत आहे. कुणाचा भाऊ, कुणाची आई. म्हणूनच सगळे तुकडे इतके स्वच्छ.

मी विचारलं, मग कुणी बाहेर आलं का? काका म्हणाले, आवाज येतोय तोवर कापत राहायचं. एक दिवस जरी चुकलं तरी झाडी फाटकापर्यंत येते आणि आवाज लांब जातो. ते एकदा तापाने पडून होते. परत आले तेव्हा बायकोचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला होता. तो जवळ आणायला पुढचे कित्येक हंगाम गेले. आता ती झुडपं कपाटाएवढी उरली आहेत. पण त्याहून लहान होत नाहीत. कितीही कापा.

मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, हुरूप सोडू नका, सुरुवात फार छान केली आहेत तुम्ही.

मी तो हात झटकून टाकला.

मंगळवार, ११ मार्च

मुलगी म्हणते, सामान बांध, माझ्याकडे चल. तिकीट काढलंय. मी निघालेही होते. रिक्षा तुकड्यांवरून गेली. मी रिक्षा थांबवली नाही, शपथेवर सांगते, नुसतं बाहेर पाहिलं. चादरी-चादरीने साफ केलेली सगळी जागा गिळून झाडी फाटकाच्या गजांपर्यंत आली होती, आणि ह्यांचा आवाज, इतका लांबून — मॅडम, कुठे गेलात?

उतरले. मुलगी सामान घेऊन मागून आली.

गुरुवार, १३ मार्च

पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कापते. बोटांना पट्ट्या. आवाज जवळ येतोय. आज ह्यांनी ते चुकीचं गाणं म्हटलं. मी हसले. कापता कापता हसत होते. पलीकडे काका बायकोला काकडीचा भाव सांगत होते, त्यापलीकडे कुणी आईशी भांडत होतं. सगळे आपापल्या झुडपांशी बोलतात. मीही त्यातलीच झाले.

काकडीबाई एकट्या गप्प. दुपारी त्यांनी मला बोलावून काळी जमीन दाखवली. त्यांचा नवरा आत होता, तरी त्यांनी जाळलं होतं. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, राखेत काही नव्हतं. हाडसुद्धा नाही. म्हणजे आत कुणी नव्हतंच, असं सगळे सांगतात. मीही तसंच सांगते. पण काडी ओढली तेव्हा ते ओरडले नाहीत ग. नुसतं विचारलं, धूर कसला येतोय?

तरी जाळ, म्हणाल्या. हात जोडून म्हणाल्या.

शनिवार, १५ मार्च

माझ्याने होणार नाही. तो ह्यांचा आवाज आहे. जो आहे तो आहे.

मुलगी डबा घेऊन आली. आता भांडत नाही. मुकाट्याने खुरपं घेऊन माझ्याशेजारी बसली. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं, दोघी मिळून लवकर होईल असंच मनात आलं — आईच्या मनात.

आणि मग तिने मान वर केली. खुरपं हातातच. म्हणाली, "आई, बाबांनी मला हाक मारली."

रविवार, १६ मार्च

तिला ऐकू येतंय. रात्रभर खिडकीशी बसून होती. मी एकटीने जाऊन बघते म्हणते. बाबांना माझा आवाज कळतो म्हणते. तिचे डोळे — टोपीवाल्या काकांसारखे बघतात, माझ्या पलीकडे.

सकाळी मी उठले तेव्हा ती चप्पल घालत होती. कोयता पिशवीत. मी तिच्यापुढे दारात आडवी झाले. लहान असताना ताप आला की करायचे तसं तिला जवळ घेतलं, वेणी घालून टोकाला माझी नेहमीची गाठ मारली आणि निजवलं. थकली होती, झोपली.

हे माझा संसार होते. पण ती माझी पोर आहे.

आज जाळणार.

रविवार, दुपार

खोलीला बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं. किल्ली कमरेला. ती उठली असेल तर दार ठोठावत असेल. ठोठावू दे. शिव्या देऊ दे. जिवंत राहील.

रॉकेल काकडीबाईंनी आणून दिलं. काका कुंपणाशी उभे, टोपी काढून हातात घेतलेली. म्हणाले, नका करू, तुमचं इतकं जवळ आलंय. रडत होते.

फाटकात बसून लिहिते आहे. लिहिलं की धीर येईल. फांद्यांवर रॉकेल ओतून झालं. वास येतोय. हे काही म्हणाले नाहीत. एक अक्षर नाही. मी काडी पेटवायला घेतली —

आतून मुलगी म्हणाली, आई, थांब.

तिचाच आवाज.

किल्ली माझ्याकडे आहे. चाचपून पाहिली. आहे. कुलूप मी लावलं, ओढून पाहिलं. ती तिथे आहे. ही झाडी तिचा आवाज शिकलीय, नुसता आवाज, जसा ह्यांचा —

आई, इथे काटे लागतायत.

फोन लावला. वाजतोय. उचलत नाही. चिडली असेल. खोलीच्या खिडकीला गज आहेत? इतके दिवस त्या खोलीत झोपले मी, गज आहेत की नाहीत आठवत का नाही —

काकांना म्हटलं, पळत जा, घरी बघून या, दार ठोठावा. ते गेले. म्हातारे पाय. कधी येणार.

काकडीबाई म्हणतात, काडी लाव, लाव आत्ता, तो धूर्तपणा आहे. त्या म्हणतात. त्यांना तरी कुठे माहीत आहे, त्यांना आजतागायत —

फोन अजून वाजतोय.

ती रडतेय. लहानपणी रडायची तशी, श्वास अडकवून. असं रडणं मी सोडून कुणी ऐकलेलं नाही.

फांद्या जरा सैल झाल्या आहेत, इथे, उजवीकडे. पुरी आत जाणार नाही. एक पाय फाटकातच ठेवते. नुसता हात घालून चाचपते, केस हाताला लागले तर —

लागले. वेणी आहे. मी सकाळी घातलेली का, गाठ बघते, माझी गाठ मला कळेल —