मंगलताईंचा गुरुवार

१९ जाने. ९७, रवि.
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी नावं मागितली. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी जाऊन दुपारभर बसायचं, जातधर्म न बघता, म्हणजे त्या घरच्या बाईला जरा उसंत. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, हात वर चौघींचेच. मी, रिटायर नर्स रूथबाई आणि दोघी नव्या सुना, शीला नि एस्तेर. सुनांना घरून सोडतात ते केवळ 'मंडळीचं काम', म्हणजे चर्चचं, म्हणून. आमचे हे म्हणाले, "सकाळी शाळा, दुपारी समाजसेवा, आणि मला कालची आमटी?" म्हटलं, हो. तापवून घ्या.

२३ जाने., गुरु.
पहिलं घर एकलहऱ्याच्या कॉलनीत. खैरनार, पॉवर स्टेशनात फिटर होते. अर्धांगवायू, बोलणंही गेलं. कूस बदलायला दोघं लागतात. बायको मंगलताई दवाखाना सोडून कुठे जात नाहीत. सासू सटाण्याकडची, नजर कडक. रूथबाईंनी अंग पुसून दिलं. मंगलताई "बरं वाटलं" म्हणाल्या, पण उंबरा काही ओलांडला नाही.

२ फेब्रु., रवि.
घोडचूक! परवा गुरुवारी शाळेमुळे जमलं नव्हतं, म्हणून आज चर्चमधून परस्पर चौघी एकलहऱ्याला. प्रभुभोजनाचा रविवार, अर्थात सगळ्या पांढऱ्या साड्यांत. म्हातारी दारात आली नि किंचाळलीच, "कोण मरनं आठे? मना पोऱ्या जित्ता शे!" दार धाडकन बंद. शेजारच्या बायका धावत आल्या, खरंच खैरनार गेले समजून. आमच्यात पांढरं म्हणजे पवित्र, दुसरं काही डोक्यातच आलं नाही. रूथबाई बसमध्ये रडल्या. माझा मात्र संताप संताप. जन्म हिंदू शेजारात गेला, अक्कल कुठे गहाण ठेवली होती?

६ फेब्रु., गुरु.
एकटीच गेले. हिरवी साडी, बांगड्या. म्हटलं, "आजी, चुकलं आमचं. आमच्या देवळात त्या दिवशी पांढरं नेसतात."
"मंग पहिले सांगानं ना!"
बाजूला सरकली. चहा मिळाला, वर साखर जास्त.

१३ फेब्रु., गुरु.
मंगलताई बाहेर पडल्या!! चांगली चप्पल माळ्यावरून काढावी लागली. संध्याकाळी परतल्या तेव्हा चेहरा मोकळा. कुठे गेल्या होत्या, विचारलं नाही. आमचं काम बसायचं.

२७ फेब्रु., गुरु.
चर्च कमिटीचे सेक्रेटरी साळवेकाका खैरनारांचं घर बघायला आले होते. मंगलताईंना बाहेर निघताना पाहिलं, आम्ही येशूचं शुभवर्तमान न सांगताच परत येतो म्हणून कुरकुरले. पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच ठरवून दिलंय, न विचारता प्रार्थना नाही. काका चहा पिऊन आमच्या आधी निघाले.

२ मार्च, रवि.
झालं! काकांनी गुरुवारी जाताना मंगलताईंना टॉकीजच्या रांगेत पाहिलं. कमिटीसमोर तोफ: "नवरा खाटेवर, बाई पिक्चरला! यासाठी मंडळीने माणसं द्यायची?" मी म्हटलं, "काका, तुम्ही टॉकीजपाशी काय करत होता?" सगळे हसले. मग कुणीच हसेना. दवाखाना, बाजार, बँक एवढ्यासाठीच बसायचं म्हणे, नाहीतर मंडळीचं नाव काढून घेऊ. म्हणजे सुना बंद. म्हणजे सगळंच बंद. हे म्हणाले, "बोललीस ते बरोबर, पण जरा जास्तच."

६ मार्च, गुरु.
मी काही न विचारताच मंगलताई म्हणाल्या, "बाई, मी पिक्चरला जाते. त्यात काय चाललंय ते निम्मं कळतही नाही. अंधारात बसते. तिथे मला कुणी हाक मारत नाही."
"आजींना माहीत आहे?"
"त्याच म्हणाल्या, जाय."
घरी येऊन भाकरी थापताना रडू आलं. काकांना एक दिवस त्या खाटेपाशी बसवायला हवं.

९ मार्च, रवि.
पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांना पटतं, पण कमिटीत मतं पडणार, त्यात त्यांचं एकच. निर्णयाची मीटिंग गुरुवारी दुपारी. "तुम्ही येऊन बोला." नेमका गुरुवार! काकांनीच ठरवला. मी गेले तर खैरनारांना कोण उचलणार? रूथबाईंची पाठ धरलीय. त्यांनाच मीटिंगला जा म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला बोलता येत नाही, रडू येतं." रडा. तेवढं पुरे.

१३ मार्च, गुरु.
खाटेशेजारी बसून लिहितेय. शीला आलीय सोबत. मंगलताई तयार होऊन दारात थबकल्या. "बाई, आज तुमचा जीव थाऱ्यावर नाही. राहू दे, जात नाही मी."
"जा हो. आणि शेवटपर्यंत बघा."
गेल्या. मीटिंग सुरू झाली असेल. रूथबाई काय बोलतायत देव जाणे.
खैरनार कण्हतायत, कूस बदलायला हवी. शीला विचारतेय, "पुढच्या गुरुवारी मला घरून सोडतील ना?"
म्हटलं, आधी खांदा धर.