बाहेरची कडी

सोमवार, २ डिसेंबर १९४६
बोरजाईवाडी

पोहोचलो एकदाचा. कडेगावपर्यंत मोटार आणि पुढे साडेचार मैल मानसिंगच्या बैलगाडीत. मानसिंग पलटणीतून नुकताच सुटून आला आहे, इटलीत दोन वर्षे होता. मी म्हटले, तिकडची खेडी कशी असतात ते सांग, मला उपयोगी पडेल. तो म्हणाला, "आपल्यावानीच की, मास्तर. फकस्त शेण कमी." वाटभर हसत आलो. मी मास्तर नाही, साप्ताहिकाचा उपसंपादक आहे, हे त्याला दोनदा सांगितले. पण हातात लेखणी असलेला प्रत्येक माणूस येथे मास्तरच.

आमच्या संपादकांनी काढायला घेतलेल्या 'लहान गावांची ओळख' या पुस्तकातले हे माझे चौथे गाव. प्रकरण ३१ तारखेला छापखान्यात हवे. एरवी मी एकटा येतो, आठ दिवसांत परततो. या खेपेस महिना काढणार आहे, कारण २८ ला बायको चारुलता आणि मुलगी वेणू येथे येणार. आठ महिने त्या दोघी वाईला मेहुण्यांकडे आणि मी कुठल्या तरी धर्मशाळेत. आता निदान आठवडाभर एका छपराखाली राहू.

घर पाटलांचे, वेशीजवळ, दोन खोल्यांचे. पाटलांच्या घरातल्या म्हाताऱ्या हरणाबाईंनी ते सारवून ठेवले होते. वय साठीच्या आसपास, पाठ ताठ. परसात पेरू आहे. वेणू दिवसभर त्यावरच असेल.

बुधवार, ४ डिसेंबर

गाव पाहून झाले. त्रेचाळीस उंबरे. बोरजाईचे देऊळ, तीन विहिरी, उसाला पाणी पुरते तेवढेच. देवळाच्या भिंतीत एक दगड आहे, पहिल्या महायुद्धाला गेलेल्या सतरा जणांचा. परत किती आले ते दगडावर नाही. ते मानसिंगच्या चुलत्यांनी बोटांवर मोजून सांगितले, नऊ.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. या गावात एकाही दाराला बाहेरून कडी नाही. आतून अडसर आहे, पण बाहेरून काही नाही. माणसे रानात जाताना दार नुसते ओढून घेतात. मी मुद्दाम त्रेचाळीसही दारे पाहिली. प्रकरणाचे पहिले वाक्य सापडले: 'चोर नसलेले गाव'. हरणाबाईंना विचारले तर त्या एवढेच म्हणाल्या की आमच्यात ती रीत न्हाई.

माझ्या दाराच्या चौकटीत मात्र दोन जुनी भोके आहेत, लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली. नंतर पाहिले तर जुन्या चौकटींत सगळीकडेच ती आहेत. म्हणजे कड्या पूर्वी होत्या. कधी काढल्या, ते शोधले पाहिजे.

माझ्या दाराच्या आतल्या बाजूस, कमरेएवढ्या उंचीवर, ताटलीएवढा भाग गुळगुळीत झाला आहे आणि किंचित खोल. धान्याची पोती घासून झाला असावा.

सोमवार, ९ डिसेंबर

चारुलतेचे पत्र. ज्या घराला बाहेरून कुलूप लागत नाही तेथे ती येणार नाही. आईची भांडी आणि शिवणयंत्र बरोबर आहे, फिरायला गेलो तर ते कोणाच्या भरवशावर ठेवायचे? तिचेही खरे आहे. खाली वेणूने पाटीवरच्या अक्षरांत लिहिले आहे, "बाबा मी येते. पेरू सगळे खाऊ नका."

ज्ञानू लोहाराकडे कडी सांगायला गेलो. त्याने हातोडा खाली ठेवला. "नांगराचा फाळ सांगा, विळा सांगा, तुमी म्हनाल ते घडतो. भाइरची कडी मी घडत न्हाई. माझ्या बानं बी माझ्या देखत कवा घडली न्हाई." रागाने नाही, अगदी समजुतीने म्हणाला.

बुधवार, ११ डिसेंबर

कडेगावच्या दुकानातून कडी, कोयंडा आणि कुलूप आणले. स्वतःच बसवले. खुंट्या उपटल्या तर जुनी भोके तशीच शाबूत, नवे खिळे त्यांत अचूक बसले. उंची अशी की वेणू टाचा उंचावून कडी काढू शकेल. ती आल्या आल्या तेच करणार, मला ठाऊक आहे.

मानसिंग जाता जाता थांबला. काहीतरी थट्टा करील म्हणून मी वाट पाहिली. पण तो कडीकडे पाहून निघून गेला.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आज दुपारी दार लावून, कुलूप घालून गुऱ्हाळाकडे निघालो. वेशीशी पोहोचलो तो आठवले, टाक विसरला. परत आलो. दुपारी येथे गावात कुत्रेही नसते, सगळे रानात.

कुलपाला हात लावला आणि आतून दार वाजले.

तीनदा. मग थोडे थांबून पुन्हा तीनदा. मोठ्या माणसाची मूठ नव्हे, आणि आवाज खालून येत होता. उघडले. दोन्ही खोल्या रिकाम्या. मांजर म्हणावे तर मांजर असे मोजून ठोकत नाही.

रविवार, १५ डिसेंबर

काल झाले, आज झाले. भर दुपारी आणि दार बाहेरून लावलेले असेल तरच. उघडले की बंद. मी आत असताना कधीच नाही.

आज मुद्दाम कुलूप घालून समोरच्या ओट्यावर बसलो. दार वाजू लागले तेव्हा मानसिंगची बायको अंजना घागर घेऊन चालली होती. तिनेही ऐकले. घागर तिथेच टाकून पळाली. म्हणजे माझ्या डोक्यातले नाही. खरे सांगायचे तर हे कळल्यावर मला आधी बरे वाटले.

मंगळवार, १७ डिसेंबर

हरणाबाई स्वतः आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. ओट्यावर बसून, माझ्याकडे न पाहता सगळे सांगितले. जमेल तसे लिहून ठेवतो.

प्लेगाच्या साली, बेचाळीस वर्षांपूर्वी, गावात उंदीर पडले. गाव उठून रानात झोपड्या घालून राहायला निघाले. या घरात शाळेचे पंतोजी राहत, वाईकडचे, गावात नवे. बायको आणि सहा वर्षांची मुलगी, दुर्गी. मुलीला गाठ आली होती आणि पंतोजी ते लपवीत होते. पाटलांना कळले. मुलगी रानात आली तर सगळे गाव जाईल. पण अंगाला हात लावून कोण अडवणार? तेव्हा पाटलांनी नव्या सुनेला पाठवले, कारण मुलगी तिच्या ओळखीची होती. ती भाकरी घेऊन आली, आत ठेवली, आणि तिघे आत असताना बाहेर येऊन कडी घातली.

"कडी म्या घातली, मास्तर," हरणाबाई म्हणाल्या. "चार दिसांनी उघडते म्हनलं हुतं. सासऱ्यानं उघडू दिली न्हाई. आईबाप धडधाकट हुतं, त्यास्नी काय बी झालं नव्हतं."

त्या रोज दुपारी सगळ्यांची नजर चुकवून वेशीपर्यंत येत. पोर दार वाजवायची. पहिल्या दिवशी जोरात, मग हळू. ऐकून त्या परत जात. बावीस दिवसांनी दार उघडले. त्यानंतर गावाने साऱ्या कड्या उपटून विहिरीत टाकल्या.

जाताना त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. आजच्या आज कडी काढा, आणि हे लिहू नका. मी दोन्हींना हो म्हटले.

बुधवार, १८ डिसेंबर

कडी काढली नाही. चारुलता कुलपावर नजर टाकल्याशिवाय गाडीतून उतरायची नाही. एवढेच कारण नाही. हे प्रकरण पुस्तकातले सर्वांत चांगले होईल. 'चोर नसलेले गाव' खोडून टाकले. रोज दार लावतो, ओट्यावर बसतो, आवाजाच्या वेळा लिहितो. आज १२-१० ते १२-३५. दाराच्या आतल्या त्या गुळगुळीत जागेवर तळहात ठेवून पाहिला. माझ्या हाताला ती लहान पडते. वेणूच्या हाताला बरोबर बसेल.

हे शेवटचे वाक्य लिहायला नको होते.

शुक्रवार, २० डिसेंबर

सकाळी आढ्यावरून उंदीर पडला. माझ्या अंथरुणाशेजारी गोल गोल फिरला आणि मेला. याचा अर्थ लहान मुलालाही कळतो.

चिमट्याने उचलून परसात जाळला. कोणाला सांगितले नाही. सांगितले तर आजच गाव उठेल आणि त्या दोघींचे येणे राहील. एकच तर उंदीर. म्हाताराही असेल.

रविवार, २२ डिसेंबर

ज्ञानूच्या भात्यामागे पाच. देवळात दोन. गाव उठले. सकाळपासून गाड्या भरताहेत—गुरे, कणग्या, म्हाताऱ्या. कोणी रडत नाही, ओरडत नाही. मानसिंगने मला विचारले, तुमच्याकडं पडलं का काई? मी नाही म्हणालो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, उद्या सकाळी तुमी बी रानात या.

चारुलतेला पत्र लिहिले. येऊ नका.

सोमवार, २३ डिसेंबर

पहाटे कडकडून थंडी भरली. डाव्या काखेत दुखते आहे. सुपारीएवढे.

पत्र घेऊन मळ्याच्या बांधापर्यंत गेलो. मानसिंग बांधापलीकडून बोलला. पत्र हातात घेईना. गावातला कागद रानात आणायचा नाही असे ठरले आहे. मी म्हटले, नुसता निरोप तरी कडेगावला दे. तो म्हणाला, तिथं बी आमास्नी कुनी उभं करंना, मास्तर. कडेगावकरांनी रस्त्यावर माणसे बसवली आहेत.

गाठीचे बोललो नाही. बोललो असतो तर— पंतोजीही बोलले नव्हते.

उद्या मीच जाईन, ओढ्याच्या वाटेने. साडेचार मैल. तार करीन.

मंगळवार, २४ डिसेंबर

निघालो होतो. ओढ्याशी हरणाबाई उभ्या. लांबूनच पाहत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, हात आंगापास्नं लांब धरून चालताय."

मी हात खाली घ्यायला गेलो, गाठ ठणकली.

त्या जवळ आल्या. एकट्याच जवळ आल्या. उजवा हात धरला, घरी आणले, अंथरूण घातले. उशाशी पाण्याची घागर, भाकरी, चटणी. फार मायेने. मी सांगत होतो, माझी पोर येणार आहे, २८ ला, तिला थांबवा. त्या व्हय व्हय म्हणत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मग बाहेर गेल्या. कडीचा आवाज.

दारापलीकडून म्हणाल्या, "चार दिसांनी उघडते, बाबा."

बुधवार

खूप ठोकले. मुठी सोलल्या. कुलूप आत माझ्याजवळ आहे, म्हणजे बाहेर नुसती कडी. काडीनेही निघेल. पण बाहेर कोणी नाही. खिडकीला गज, पलीकडे परस. पेरू पिकून पडताहेत.

घसा धरला आहे. आवाज निघत नाही.

दुपार झाली. आता ते आतच वाजते. माझ्याजवळ. दाराशी काही दिसत नाही, पण लाकूड हलताना दिसते.

गुरुवार की शुक्रवार

गाठ लिंबाएवढी. पाणी तळाला.

दुपारी ते ठोकते तेव्हा मी भिंतीकडे तोंड करतो. आज ठोकून झाल्यावर ते दाराशी बसले असावे. श्वास ऐकू येत होता, लहान. मग माझ्या अंथरुणाकडे— नाही, तापाने.

प्रकरण फाडले.

ते कशाची वाट पाहते आहे ते कळले. बेचाळीस वर्षांत आतल्याला सोडवायला म्हणून बाहेरून कडी काढणारे कोणी आले नाही; मीही नुसत्या वेळा लिहिल्या.

शनिवार असावा

चार दिवस झाले. हरणाबाई आल्या नाहीत. बरे झाले. आता नकोच उघडायला. माझ्या अंगात जे आहे ते, आणि दाराशी जे आहे ते— दोन्ही आतच राहू दे.

गाडी वाजली. बैलांच्या घुंगरांचा आवाज, ओढ्याच्या बाजूने; म्हणूनच कडेगावकरांनी अडवले नसेल. वेशीशी थांबली.

चारुलता कोणाला तरी विचारते आहे, गाव ओस का आहे. गाडीवानाचे उत्तर ऐकू येत नाही.

पावले. धावत. एकच जण धावते आहे.

"बाबा!"

आवाज काढायचा नाही. रिकामे घर समजून जातील. उंबरा उंच आहे, खालून कागद सरकत नाही. 'परत जा' लिहिला होता, तो हातातच आहे. दाराला पाठ लावून बसलो आहे.

ती ठोकते आहे. बाहेरून. तीनदा.

थांबली. मागून चारुलता म्हणते, अग आत कोणी नाही, कडी आहे बघ. हो. नाही कोणी. जा.

माझ्या कानाशी आतून— तीनदा— उत्तर दिले—

हसली. वेणू हसली. म्हणते, आई, बाबा आत आहेत, लपलेत, ठोकताहेत—

मी नाही. वेणू, तो मी नाही—

टाचा उंचावल्या असतील. कडी हलते आहे. माझा हात दाराच्या त्याच गुळगुळीत जागेवर आहे आणि त्यावर दुसरा लहान हात, गार, तो दार आपल्याकडे ओढ—