सर्वांत मागची जागा

मी, रुखमा रामाजी गजभिये, वय त्रेसष्ट, धंदा शेती, राहणार मौजा कोसंबटोला, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं हृदय कमजोर झाल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. डोक्याबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

१. राहतं घर माझा एकुलता एक मुलगा कुलदीप याला द्यावं. कौलं त्यानंच फेरली आहेत. गळलं तर तक्रार कोणाकडे करायची, हे त्याला ठाऊक आहे.

२. तलावाखालची धानाची बांधी माझी नात साक्षी कुलदीप गजभिये हिच्या नावे करावी. लग्न झालं तरी ती तिचीच राहील. "पोरीले जमीन कायले पाहिजे?" असं विचारणाऱ्या माझ्या दिरानं, मुखरूनं, आधी आपल्या बांधीतलं तण काढावं.

३. माझे पती रामाजी मोहफुलं वेचायला वाकले असताना वाघानं त्यांना मागून धरलं. त्यानंतर गावातल्या पोरींचा भरतीसाठी धावण्याचा सराव बंद झाला. मीही घरात बसले. बसून बसून जीव गुदमरला तेव्हा एका सकाळी त्यांचेच बूट घालून नागभीडच्या रस्त्याला लागले. रुखमाबाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक म्हणाले. झाला असेल. पण धावताना रडायला दम पुरत नाही, म्हणून मी धावत राहिले.

हळूहळू पोरी सोबत येऊ लागल्या. नियम मी घातले. उजाडल्यावरच निघायचं, घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत. सर्वांत मागे एक मोठं माणूस हवं, हातात काठी घेऊन आणि डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधून, कारण वाघ पाठ बघून येतो. ती जागा माझी. मुखरू अजून पारावर सांगतो, "वहिनी रोज शेवटीच येते." होय, येते. माझ्या मागे एकही पोरगी कधी राहिली नाही.

४. नागपूरच्या शर्यतीत मी मुखवटा काढायला विसरले. मागून येणारे दचकू लागले. त्यातल्या एकानं तो काढायला सांगितला. "काऊन काढू? मागून तुमीच तर येऊन राह्यले," मी म्हटलं आणि धावत सुटले. त्या दिवशी मिळालेलं पदक साधनाला द्यावं. आमच्या घोळक्यातून पोलिसात लागलेली ती पहिली पोरगी.

५. हृदय बिघडल्यापासून मी फक्त चालते. पोरींच्या मागे कोणी उरलं नाही, म्हणून आईबापांनी त्यांना घरी ठेवलं. पहिल्यांदा ठेवलं ते कुलदीपनं, साक्षीला. तिची वनरक्षकाची भरती तोंडावर आली आहे आणि ती अंगणात फेऱ्या मारते. ते मला बघवत नाही. मी बोलले तर कुलदीप म्हणाला, "आई, बाबाले नेलं त्यानं. आता पोरीले बी पाठवू का?"

त्याच्या भीतीला मी नावं ठेवत नाही. तीच भीती घेऊन मी रोज धावले. पण वाघानं माझा माणूस नेला. रस्ता मी त्याला दिलेला नाही, देणारही नाही.

६. म्हणून मुखवटा, काठी आणि सर्वांत मागची जागा मी कुलदीपला देते. बाबू, पोरीच्या मागून काय येईल याची तुला धास्ती आहे ना? मग तिच्या मागे तू धाव. वाटणीतली ही एवढी गोष्ट माझ्या मरणाची वाट न पाहता ताब्यात घ्यावी.

७. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील व्हावं, भाषणं आटोपती घ्यावीत. त्या सकाळी पोरींचा सराव बुडवला तर मला राग येईल.

सही करण्याआधी आणखी थोडं जोडते. काल हे सगळं कुलदीपला वाचून दाखवलं. त्यानं खुंटीवरचा मुखवटा काढून पाहिला, परत टांगला. मग म्हणाला, "आई, मले धावता येत नाई ना."

"मले तरी कुठी येत होतं?" मी म्हटलं.

आज सकाळी उठले तर खुंटीवर मुखवटा नव्हता. अंगणात साक्षीही नव्हती.

लिहून देणार: रुखमा रामाजी गजभिये (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. नईम शेख, शिंपी, नागभीड. मुखवट्याचं इलॅस्टिक दर वर्षी हेच बदलून देतात. (सही)
२. स्वाती दसरू रामटेके, शेजारीण (सही)

ठिकाण: कोसंबटोला
दिनांक: १४ डिसेंबर २०२४