लख्ख पुसलेलं बॉम्बर

विनूताई,

तुला पाहायला माणसं येणार म्हणून तू घर घासलंस, ठीक. पण माझं बॉम्बर विमानाचं मॉडेलही रॉकेलने पुसलंस? अगं, ते मळलेलं नव्हतं! इंजिनांमागची काजळी, पंखांवरचे तेलाचे ओघळ, सगळं मी अख्खा पावसाळा बसून बारीक ब्रशने रंगवलं होतं. महायुद्धातून परतलेलं विमान आता बारशाला निघाल्यासारखं दिसतंय. आणि रविवारी प्रदर्शन आहे!

ते पुन्हा रंगवायला घेऊन मी भुईगावला माझ्या मित्राकडे, ऑगस्टीनकडे चाललोय. पाहुण्यांनी भाऊ कुठे विचारलं, तर युद्धात बेपत्ता आहे म्हण.

मुलगा आवडला नाही, तर मात्र ऑगस्टीनकडे फोन कर. लगेच येतो आणि असा वागतो, की मंडळी चहा अर्धा टाकून पळतील. आज अभिनय करावा लागणार नाही.

केदार