दुसऱ्या कानाचं

उदगीर,
मंगळवार, ३ मे २०१६

चि. महादेवी हिस पार्वतम्माचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे दुखतात, पण ते नेहमीचंच आणि त्याची तू काळजी करत नाहीस हेही मला माहीत आहे. नळाला अठरा दिवस पाणी नाही. लातूरला रेल्वेनं पाणी येतंय ते तू टीव्हीवर बघितलंच असशील. शेजारच्या गुंडप्पाचं बोअर आटलं, तरी तो रोज सकाळी बटण दाबून बघतो आणि बायकोवर ओरडतो. मी दोन तांब्यांत आंघोळ उरकते. आणि माझी लेक समुद्राच्या तळाशी जाऊन बसणार! गल्लीत सांगितलं तर बायका म्हणाल्या, येताना घागरभर घेऊन ये म्हणावं.

फोन सोडून ही म्हातारी पत्र का लिहून राहिली, असं तुला वाटेल. फोनवर तू सारखं "काय? परत सांग" म्हणतेस. हे मला परत सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात तू मालवणच्या त्या समुद्रात उतरवणाऱ्या लोकांचा फॉर्म मला फोनवर वाचून दाखवलास. कानाला कधी इजा झाली का, कोणत्या, कशानं. तू लिहिलं होतंस की उजवा कान सातव्या वर्षी उकळत्या तेलानं गेला, डाव्याला कधी काही झालेलं नाही. "बरोबर ना, आई?" असं विचारलंस. मी "बरोबर" म्हटलं. तुझे पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते की एकाच कानावर ज्याची भिस्त, त्यानं खोल पाण्यात शक्यतो जाऊ नये; अगदीच हौस असेल आणि तो कान लहानपणापासून धड असेल, तरच विचार करा. त्याला आधी मार बसला असेल तर मात्र दाबानं तोही जाईल. मग तू विचार करत बसलीस. उतरू का नको, रोज फोनवर तेच. एकदा म्हणालीस, "पाण्याखाली सगळेच बहिरे असतात गं, सगळे हातानंच बोलतात. एकदा तरी मला सगळ्यांसारखं व्हायचंय."

मी तेव्हा लोणच्याचा विषय काढला. आताही काढावासा वाटतो. यंदा कैऱ्या झाडावरच सुकल्या, लिंबाएवढ्या राहिल्या. आंबटपणा सुद्धा धड नाही. जाऊ दे.

१९८६ चा उन्हाळा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी आपल्याकडची जुनी माणसं कचेरीचं काम निघालं की उस्मानाबादच म्हणायची. नव्या जिल्ह्याचं आमच्या गल्लीत पहिलं काय आलं, तर टँकर. तुला मी सकाळपासून घागरींच्या रांगेत बसवलं होतं. टँकर आला तेव्हा तू सागरगोटे खेळत होतीस. बायकांनी आपल्या घागरी मागं सरकवल्या आणि टँकर रिकामा होऊन गेला. तू तीन कोरड्या घागरी घेऊन घरी आलीस, आणि हसत होतीस.

मी तुला दोन्ही हातांनी मारलं. एकाच वेळी दोन्ही कानांवर, टाळी वाजवतात तसं. तुझ्या आत्यानं ते दारातून बघितलं.

तू पडली नाहीस. माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिलीस. मी ओरडत होते आणि तुला काय ओरडते ते कळत नव्हतं. तुला हे आठवतं का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मी तुला रोजच मारायचे. त्यातला तो कोणता, हे तुला कसं सांगता येणार?

तुला आठवतं ते तेल. दुपारभर तू कान धरून रडत होतीस, म्हणून तुझ्या शरणम्मा आत्यानं लसूण घालून तेल कोमट केलं आणि उजव्या कानात घातलं. कोमटच होतं. आधी तिनं स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितला, हे मी चुलीपाशी बसून पाहिलं. पण आत पडदा फाटलेला. तू अशी किंचाळलीस की गुंडप्पाची आई भिंतीवरून डोकावली.

आत्या तुझ्या वडिलांची थोरली बहीण. विधवा होऊन आमच्याकडं राहिलेली. संध्याकाळी तुझे वडील दुकानातून आले आणि पोरीला काय झालं म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या आक्कांनी उकळतं तेल ओतलं." शरणम्मानं माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलली नाही. का बोलली नाही, देव जाणे. तिला वाटलं असेल की पोरीच्या देखत भाऊ बायकोला मारील. किंवा आपलं तेल नडलं असंच तिला वाटलं असेल.

खरं सांगू? मला बरं वाटलं. नऊ वर्षं ती माझ्या आधी उठून माझ्या स्वयंपाकघरात शिरत होती. आठ दिवसांत तुझ्या वडिलांनी तिला अहमदपूरला लांबच्या नात्यात नेऊन सोडलं. तिथं तिनं शाळेच्या वसतिगृहातल्या पोरांच्या भाकरी थापल्या, तीस वर्षं. तुझे वडील गेले तेव्हा ती दारात आली होती. तू तिच्याकडं पाठ फिरवलीस. मी मागंच उभी होते.

तुला लातूरच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा तुझे वडील औषध आणायला गेले, तेवढ्यात डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तेल एका कानात घातलं ना? मग पडदे दोन्ही कसे फाटले?" मी पदर तोंडाला लावून रडले. ते म्हणाले, "डावा भरून येईल, पण तिथली कातडी पातळच राहणार. पोरीला कधी बुड्या मारू देऊ नका." ते मी कुणाला सांगितलं नाही. पुढं विहिरीवर तुला पोहायला जाऊ दिलं नाही, मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणून. तू मला जुन्या वळणाची म्हणालीस, मी म्हणून घेतलं.

आता तुला वाटेल, आईला उशिरा का होईना, उपरती झाली. तसं काही नाही.

गेल्या आठवड्यात अहमदपूरला लग्न होतं. पंगतीत मी मिरवले, माझी महादेवी समुद्राखाली जाणार, हवेचं नळकांडं पाठीला बांधून. आत पुरणाला शरणम्मा बसली होती. तिनं ऐकलं. काल सकाळच्या एस्टीनं ती इथं आली. ब्याऐंशी वर्षांची बाई, हातात काठी, पायात चप्पल नाही. पाणी सुद्धा प्यायली नाही.

"पार्वती, पोरगी पाण्यात उतरून राहिली म्हणं?"

"हाव."

"दुसऱ्या कानाचं सांगितलंस का तिला?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"उजव्याचं मी माझ्यावर घेतलं. ह्याचं घेणार न्हाई. तू लिही, न्हाईतर मी पुण्याला जाते. काठी टेकत जाईन, पण जाईन."

"आक्का, ती मला तोंड दाखवणार नाही."

"मला लई दाखवलं व्हय तीस वर्षं?"

ती अजून ओसरीवर बसली आहे. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, मग ती स्वतः पोस्टात नेऊन टाकणार. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि तिचं चुकत नाही.

फॉर्ममध्ये लिही: दोन्ही पडदे फाटले होते, मारामुळे. कुणी मारलं ते विचारलं तर माझं नाव घाल. उतरायचं का नाही, ते आता तुझं तू ठरव.

आक्का आली नसती तर मी काय केलं असतं, हेही सांगून टाकते. वाचून दाखवताना ही ओळ मी गाळीन, पण तू वाच. मी महिनाभर हिशोबानं गप्प बसले होते. तू उतरावंस असं मी मनाशी ठरवलं होतं. काही झालं नसतं तर सुटले असते. आणि तो कान गेला असता तर तो समुद्रानं नेला असता. मग उजव्याचा दोष शरणम्माला, डाव्याचा समुद्राला, आणि मी तुला जवळ घेऊन रडले असते, सगळ्यांच्या देखत.

तुला जन्म दिलेली,
पार्वतम्मा